घटस्फोटाचा दावा आणि वकिलाची निवड

प्रश्न : आम्ही परस्परसंमतीने विभक्त होत आहोत, मुलाच्या ताब्याविषयी मात्र मतभेद आहे. वकील कसा निवडावा? — एक भगिनी, पुणे

उत्तर : ज्याचा फौजदारी कोर्टात दरारा आहे तोच आपलेही काम फत्ते करील, हा समज प्रथम सोडावा, कारण १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्यातील कलम १३ अन्वये कुटुंब न्यायालयात वकील उभा करण्याचा पक्षकारास मुळी हक्कच नसून न्यायालयाची अनुज्ञा लागते, आणि समुपदेशकासमोरील बोलणी बहुधा आपली आपणांसच करावी लागतात. म्हणून जो आपली हकिकत शांतपणे ऐकून घेऊन पोटगी, ताबा आणि मुलाच्या भेटीच्या वेळा यांचा मसुदा निःसंदिग्ध शब्दांत करून देतो, आणि संमतीच्या अर्जानंतरची सहा महिन्यांची मुदत कोणत्या परिस्थितीत माफ होऊ शकते हेही सांगतो, तोच जाणता समजावा. निकालाची हमी देणारा, अथवा मिळणाऱ्या रकमेत हिस्सा मागणारा (हे व्यवसायनियमांविरुद्ध असूनही असे महाभाग आढळतात) कटाक्षाने टाळावा. वकीलपत्रावर सही करण्यापूर्वी मेहनताना लेखी ठरवून घ्यावा. तो परवडत नसल्यास, १९८७ च्या विधी सेवा कायद्यान्वये स्त्रीस, तिचे उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकील मागता येतो.