गॅरेजमधला गणिताचा तास : जुन्या जीपचा गिअरबॉक्स आणि गुणोत्तर



सहावीला गुणोत्तर शिकवताना तुमच्याही वर्गात असं होतं का? फळ्यावरचं उदाहरण मुलं उतरवून घेतात, पण आकडे बदलले की गाडी अडते. माझ्या वर्गातल्या एका मुलाच्या वहीवर मी "लक्ष देत नाही" असा शेरा मारला होता. त्याच्या वडिलांचं बदलापुरात छोटं गॅरेज आहे. त्यांना भेटायला गेले आणि तिथे मलाच शिकायला मिळालं.

गॅरेजमध्ये एक जुनी फोर-व्हील जीप होती. विलीजच्या धर्तीवर महिंद्राने बनवलेली, तीन गिअरची. तिचा गिअरबॉक्स काढून चार गिअरचा बसवायचं काम चाललं होतं. "चालतेय तर बदलायचा कशाला?" मी विचारलं. उत्तर त्या मुलानेच दिलं, "बाई, हिच्या पहिल्या गिअरला सिंक्रो नाही. चढावर सेकंडमध्ये गाडी दमली की थांबूनच पहिला टाकावा लागतो, नाहीतर दात घासतात."

गणित कुठे आलं?

या जुन्या तीन गिअरच्या बॉक्समध्ये पहिल्या गिअरचं गुणोत्तर साधारण 2.8 : 1 असतं. म्हणजे इंजिनच्या 28 फेऱ्या झाल्या की बाहेरचा शाफ्ट 10 फिरतो. वेग कमी होतो, पण जोर वाढतो. तिसऱ्या गिअरला 1 : 1, म्हणजे जेवढ्यास तेवढं. मी मुलाला विचारलं, "इंजिन 56 फेऱ्या फिरलं तर?" तो लगेच म्हणाला, "वीस." वहीत हेच उदाहरण त्याने कोरं सोडलं होतं!

एक बदललं की शेजारचंही बदलतं

नवा बॉक्स नुसता बोल्टने लावून भागत नाही. त्याच्या शाफ्टचे खाचे क्लच प्लेटशी जुळावे लागतात. बेल हाउसिंगची भोकं इंजिनशी जुळावी लागतात. बॉक्स लांब असेल तर मागचा ट्रान्सफर केस आणखी मागे सरकतो. मग मागच्या चाकांकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट आखूड करायचा आणि पुढचा लांब. मुलगा टेप धरून मापं सांगत होता, वडील खडूने लिहीत होते. आणि असा बदल करण्याआधी आरटीओत विचारून घ्यावं लागतं, हेही त्यांनी सांगितलं.

वर्गात काय करता येईल?

गॅरेज नसलं तरी सायकल आहेच.
1. पुढच्या आणि मागच्या चक्राचे दात मुलांनाच मोजू द्या.
2. पॅडल एकदा फिरवल्यावर मागचं चाक किती फिरतं, ते खडूची खूण करून बघा.
3. दातांचं गुणोत्तर मांडा आणि फेऱ्यांशी ताडून बघा.
4. सूत्र सगळ्यात शेवटी लिहा.

त्या मुलाने आमच्या वर्गात सायकल उलटी ठेवून हा पाठ घेतला. मी मागच्या बाकावर बसले होते.

पालकांनो, मूल तुमच्या कामात हात घालतं तेव्हा "जा, अभ्यास कर" म्हणण्याआधी त्याला एक माप घ्यायला सांगा. आणि शिक्षकांनो, शेरा मारण्याआधी त्या मुलाला घरी काय येतं ते एकदा विचारा. मी तो शेरा खोडला, पण जरा उशिराच.