पाण्याची रेघ

(घर कोठे बांधावे, हा प्रश्न प्रत्येक कुटुंबापुढे कधी ना कधी उभा राहतो. रोहा तालुक्यातील अष्टमी येथील एका शिक्षकाने आपल्या घरची हकीकत या पाठात सांगितली आहे.)

सन 2018 ची गोष्ट. माझे मामू कुवेतहून रजेवर आले होते. वीस वर्षे त्यांनी तेथे नोकरी केली आणि पै पै साठवली. आता अष्टमीत स्वतःचे घर बांधायचे, असे त्यांनी ठरवले होते. मला नुकतीच शाळेत नोकरी लागली होती. मामू म्हणाले, "तू शिकलेला आहेस. माझ्याबरोबर चल. जागा बघू."

आम्ही तीन जागा पाहिल्या. पहिली नदीच्या बाजूला होती. जमीन सपाट, रस्ता लागून आणि भावही कमी. दुसरी गावाबाहेर डोंगराच्या पायथ्याशी होती. जेसीबीने उतार कापून तेथे प्लॉट पाडले होते. मागे हिरवागार डोंगर, पुढे मोकळी हवा! मामूंना ती फार आवडली. तिसरी जागा जुन्या वस्तीत होती. ती लहान होती, वाकडीतिकडी होती, बोळ एवढा अरुंद की मोटार आत जाणार नाही. आणि किंमत मात्र सर्वांत जास्त.

नदीकाठची जागा स्वस्त का, हे नानीने एका वाक्यात सांगितले. "त्या भाताच्या खाचरात घर बांधणार? आधी माझी भिंत बघ."

नानीच्या जुन्या घराच्या भिंतीवर एक रेघ आहे. जुलै 2005 मध्ये मी शाळेत शिकत होतो. त्या महिन्याच्या 25 आणि 26 तारखेला रायगड जिल्ह्यात भयंकर पाऊस झाला. कुंडलिकेचे पाणी घरात शिरले. आम्ही धान्याची पोती माळ्यावर चढवली आणि रात्रभर जागे राहिलो. पाणी ओसरल्यावर सर्व जण चिखल काढू लागले. नानीने मात्र आधी कोळसा घेतला आणि भिंतीवरच्या ओल्या खुणेवर रेघ ओढली. पुढे तिने ती खिळ्याने कोरून घेतली. घराला रंग देताना ती रेघ कोणी पुसलेली तिला चालत नाही.

कुंडलिका सह्याद्रीत उगम पावते. भिरा, कोलाड, रोहा असे गाव घेत ती रेवदंड्याजवळ समुद्राला मिळते. उन्हाळ्यातही तिला पाणी असते, कारण मुळशी धरणाचे पाणी भिऱ्याच्या वीजकेंद्रातून खाली येते. पण पावसाळ्यात तिचे रूप निराळे असते. घाटात पाऊस कोसळतो आणि ते पाणी काही तासांत खाली येते. त्याच वेळी समुद्राला उधाणाची भरती असली, तर खाडीचे पाणी उलटे वर चढते. मग नदीला बाहेर पडायला वाट राहत नाही. ती पसरते आणि सखल जमीन शोधते. कोकणात अशा सखल जमिनीला खलाटी म्हणतात व उंचावरच्या जमिनीला वलाटी. आपल्या जुन्या लोकांनी खलाटीत भात लावला. घरे त्यांनी वर बांधली.

शेजारच्या अंबा नदीची गोष्टही नानी सांगते. 24 जुलै 1989 रोजी त्या नदीला अचानक पूर आला आणि सुधागड तालुक्यातील जांभूळपाडा गाव उद्ध्वस्त झाले. अनेक माणसे वाहून गेली. तेव्हा नदीकाठची जागा आम्ही सोडून दिली.

"मग डोंगराजवळची घेऊ," मामू म्हणाले. "तिथे पूर येणार नाही."

पूर येणार नाही, हे खरेच होते. पण 2005 च्या त्याच पावसात महाड तालुक्यातील जुई, दासगाव, रोहण आणि कोंडिवते या गावांवर दरडी कोसळल्या होत्या. मी मामूंना पुन्हा त्या प्लॉटवर नेले. कापलेल्या उताराचा उभा कडा समोर होता. त्यात वर लाल माती, मध्ये मुरूम आणि खाली कातळ स्पष्ट दिसत होता. माती आणि मुरूम पाणी पितात. कातळ पीत नाही. खूप पाऊस झाला की मुरलेले पाणी कातळावर साठते, वरची माती जड होते आणि घसरू लागते. त्यात उताराचा पाय कापलेला असेल, तर तिला अडवणार कोण?

दरड कोसळण्यापूर्वी डोंगर कधीकधी इशारा देतो. जमिनीला भेगा पडतात. झाडे किंवा विजेचे खांब कलतात. जुना झरा गढूळ होतो किंवा नवीन ठिकाणी पाणी फुटते. अशी खूण दिसली की सामान गोळा करत बसू नये. माणसे बाहेर काढावीत. त्या प्लॉटच्या वरच्या बाजूला एक खांब कललेला होता. तो पावसाने कलला की वायरमनच्या घाईने, हे मला सांगता येणार नाही. परंतु मामू त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहिले.

पुढे 22 जुलै 2021 रोजी महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसे दगावली. 19 जुलै 2023 च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी गाडली गेली. दरडीचा धोका असलेल्या गावांची सरकारी यादी असते. इर्शाळवाडीचे नाव त्या यादीत नव्हते.

त्या दिवशी मामू मात्र वैतागले. "नदी नको, डोंगर नको! मग कोकणच सोडतो. वर देशावर जाऊन राहतो."

मी त्यांना किल्लारीची आठवण दिली. लातूर जिल्ह्यातील या भागात ना समुद्र, ना घाट. भूकंपाच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात दाखवला होता. तरी 30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे चार वाजायच्या सुमारास तेथे भूकंप झाला आणि सुमारे 8,000 माणसे मृत्युमुखी पडली. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे जड माळवद, अशी तेथील घरे होती. झोपलेल्या माणसांवर तीच कोसळली. नकाशा (तुमच्या उर्दूत 'नक्शा') अवश्य पाहावा, यादीही वाचावी. पण नकाशा करणाऱ्यालाही जमिनीच्या पोटातले सगळे ठाऊक नसते.

नानीच्या रेघेसारखी एक खूण जपानमध्ये आहे. अनेयोशी नावाच्या खेड्यातील लोकांनी 1933 च्या त्सुनामीनंतर चढावर एक दगड उभारला आणि याच्या खाली घरे बांधू नयेत, असे त्यावर कोरले. पुढच्या पिढ्यांनी ते मानले. 11 मार्च 2011 रोजी प्रचंड त्सुनामी आली. लाटा त्या दगडाच्या खालीच थांबल्या आणि वरची घरे वाचली.

शेवटी मामूंनी जुन्या वस्तीतली वाकडी जागा घेतली. बोळातून विटा डोक्यावरून न्याव्या लागल्या. मजुरी वाढली, मामू कुरकुरले. नानीने गवंड्याला आपली भिंत दाखवली. त्याने नळीत पाणी भरून लेव्हल घेतली आणि नव्या घराचे जोते त्या रेघेपेक्षा दोन हात उंच धरले.

एवढे करूनही एक गोष्ट आमच्याकडून राहिली. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले. पडवीचे पत्रे नुसत्या खिळ्यांवर होते; लोखंडी आकडे लावलेले नव्हते. वाऱ्याने ते उचलून शेजाऱ्यांच्या आंब्यावर नेऊन टाकले. पुराचा विचार करताना वाऱ्याचा विचार कोणीच केला नव्हता, नानीनेही नाही.

जुलै 2021 मध्ये पाऊस थांबेना. रात्री कुवेतहून मामूंचा फोन आला.

"पाणी कुठवर आलंय?"

मी टॉर्च घेऊन नानीच्या घरी गेलो. ती खाटेवर बसून भिंतीकडे पाहत होती.

"उंबऱ्याला लागलंय, मामू. रेघ अजून वर आहे."

"आणि माझं घर?"

"तुमची पहिली पायरीसुद्धा कोरडी आहे."

"नानीला तिकडे घेऊन जा," मामू म्हणाले, "आणि पत्र्यांचे आकडे एकदा बघून घे."

शब्दार्थ
खाचर – बांध घातलेले भाताचे शेत
दरड – डोंगराचा सुटून खाली येणारा भाग
कातळ – अखंड कठीण खडक
माळवद – मातीचे सपाट छप्पर
जोते – घराचा जमिनीपासून वर घेतलेला पाया

स्वाध्याय
1. नदीकाठची जागा स्वस्त का होती?
2. डोंगर कापलेल्या जागी दरडीचा धोका का वाढतो?
3. मामूंनी देशावर जाण्याचा विचार का सोडला असेल?
4. आपल्या घरातील किंवा शेजारच्या वडीलधाऱ्यांना विचारा : आपल्या वस्तीत पाणी, वारा किंवा दरड यांमुळे कधी, कोठे नुकसान झाले? त्यांची उत्तरे मराठीत लिहा.