पाणी ओसरल्यानंतरचे दोन दिवस

ऑगस्ट २०१९मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांपर्यंत चढली. तिथे धोक्याची पातळी ४५ फूट धरतात. गावभागातल्या आमच्या घराच्या तळमजल्यावर मामांनी आयुष्यभर जमवलेल्या रेकॉर्डींचं कपाट होतं. खालच्या कप्प्यांत एलपी, वर ७८च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, लाखेच्या तबकड्या. पाणी उतरून घरात पाय टाकता आला तेव्हा एलपी गाळात रुतलेल्या होत्या आणि वरचे कप्पे पुराच्या रेषेच्या वर, कोरडे होते. आम्ही सगळे गाळाच्या मागे लागलो. गाळातल्या एलपी धुऊन, वाळवून बहुतेक वाजत्या झाल्या. पाण्याचा थेंबही न लागलेल्या ७८च्या तबकड्यांवर मात्र बंद कपाटात बुरशी चढली आणि त्यांतल्या कितीतरी कायमच्या गेल्या.

जे शिकलो ते यातूनच. पूर जेवढं नेतो, त्याहून जास्त नुकसान मागे राहिलेली ओल करते. ओला कागद बंद जागेत राहिला तर साधारण ४८ तासांत बुरशी धरू लागते. संग्रह वाचतो की जातो, ते बरंचसं या दोन दिवसांत ठरतं.

तबकडी आणि कागद

एलपी विनाइलची, म्हणजे एक प्रकारच्या प्लॅस्टिकची. पाणी तिला फारसं काही करत नाही. ७८ची जुनी तबकडी लाख, दगडाची बारीक पूड आणि काजळी यांच्या मिश्रणाची असते. तिला ओल मानवत नाही. काठाला टवका उडालेला असेल किंवा तडा असेल, तर तिथून पाणी आत शिरतं आणि तबकडी ठिसूळ होते. बुरशीने लाखेचा पृष्ठभाग एकदा खाल्ला की खाचांमधला आवाज परत येत नाही, तिथे फक्त चरचर उरते.

विनाइलवरही बुरशी दिसते, पण तिचं पोषण होतं ते धूळ, बोटांचे तेलकट ठसे आणि कागद यांवर. म्हणजे दोन्ही प्रकारांत खरा शत्रू तबकडीला चिकटून बसलेला ओला कागद. म्हणून पहिलं काम एकच : तबकडी आणि कागद वेगळे करा. धुणं, पुसणं, कोणती रेकॉर्ड कुठली हे शोधणं, सगळं नंतर.

पहिल्या दिवशी

घरातली वीज बंद असल्याची खात्री करा. एन-९५ मास्क आणि रबरी हातमोजे घाला. पुराच्या पाण्यात सांडपाणी मिसळलेलं असतं. विमा असेल तर काही हलवण्याआधी फोटो काढा. प्रत्येक कव्हर, आतलं पाकीट आणि तबकडीचं लेबल यांचा एकत्र फोटोही घ्या, म्हणजे पुढे जोड्या लावता येतात.

आधी ७८च्या तबकड्या मोकळ्या करा, भिजलेल्या असोत की नसोत. आतलं पाकीट ओलं असेल तर फेकून द्या. त्यावर छापील माहिती असेल तेवढंच ठेवा. पाकीट तबकडीला चिकटलं असेल तर ओढू नका. एलपी स्वच्छ पाण्यात थोडा वेळ ठेवली की कागद आपोआप सुटतो. ७८ची तबकडी बुडवू नका, ओल्या मऊ कापडाने कागद भिजवून सोडवा.

गाळ कधीही पुसायचा नाही. त्यातली वाळू खाचांवर सँडपेपरसारखी घासते. हलक्या धारेखाली तबकडी धरून गाळ वाहून जाऊ द्यायचा आणि लेबल शक्य तेवढं कोरडं ठेवायचं. शेवटचा हात डिस्टिल्ड पाण्याचा, कारण नळाच्या पाण्यातले क्षार खाचांत वाळून बसतात. तेलकटपणा असेल तर विनाइलसाठी डिस्टिल्ड पाण्यात सौम्य साबणाचे दोन-तीन थेंब पुरतात. स्पिरिट किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोल ७८च्या तबकडीला अजिबात लावू नका. अल्कोहोलमध्ये लाख विरघळते, आणि त्यात त्या खाचाही जातात.

वाळवायला आम्हाला स्वयंपाकघरातलं ताटाळं कामी आलं. त्याच्या दांड्यांना मऊ सुती कापड गुंडाळून तबकड्या उभ्या लावल्या. सावली हवी आणि खोलीत हवा खेळती हवी. ऊन, हेअर ड्रायर, हीटर यांपासून तबकड्या लांब ठेवा; विनाइल उष्णतेने वाकतं आणि वाकलेली तबकडी पुन्हा सपाट करणं फार कठीण असतं.

कव्हरं टिपकागदाच्या दोन थरांत, हलक्या वजनाखाली ठेवायची आणि टिपकागद ओला झाला की बदलायचा. चकचकीत छपाईची कव्हरं एकमेकांना चिकटतात, त्यांच्यामध्ये बटर पेपर घाला. सगळी कव्हरं दोन दिवसांत वाळणं शक्य नसेल, तर उरलेली पिशवीत घालून डीप फ्रीजरमध्ये ठेवा. बुरशी तिथे थांबते आणि पुढे सवडीने थोडी थोडी काढून वाळवता येतात. मात्र फक्त कागद, तबकड्या नव्हेत.

बुरशी आलीच तर

बुरशी धरलेल्या रेकॉर्डी आधी बाकीच्यांपासून दूर न्या. ओली बुरशी पुसली की पसरते. ती पूर्ण वाळून भुकटीसारखी झाली की घराबाहेर, मास्क लावून, मऊ ब्रशने झाडायची. झाडताना पंखा चालू नको. मग धुणं. तोपर्यंत ती रेकॉर्ड वाजवू नका, सुई बुरशी खाचेत आणखी खोल दाबते. मूळ कव्हर जपावंसं वाटत असेल तर ते वेगळं ठेवा आणि तबकडीला नवं पाकीट द्या.

पूर नसतानाही

शहरात तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्यांना हे आपलं नाही असं वाटेल. पण वरच्या फ्लॅटच्या न्हाणीघरातली गळती, एसीचं पाणी आणि पावसाळ्यात पाझरणारी बाहेरची भिंत हेही तितकंच नुकसान करतात. कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं सुटं ठेवा. वरून पाण्याचा पाइप जात नाही ना ते पाहा. सगळ्यात खालचा कप्पा जमिनीपासून वीतभर उंच हवा आणि ७८च्या तबकड्या सगळ्यात वर. कव्हरासकट एक एलपी जवळपास पाव किलो भरते, म्हणजे शंभर एलपींचं वजन पंचवीस किलो. फळी तेवढी मजबूत असू द्या. रेकॉर्डी उभ्याच ठेवा. आडव्या रचल्या की खालच्या वाकतात आणि मधली हवा अडते.

छोटा आर्द्रतामापक कपाटात ठेवा. आकडा ४० ते ५० टक्क्यांत असला तर उत्तम, ६०च्या पुढे गेला की सावध व्हायचं. भर पावसात खिडक्या उघडून हवा कोरडी होत नाही, उलट बाहेरचा दमटपणा आत येतो. तेव्हा डीह्युमिडिफायर किंवा एसीच कामाचा. सिलिका जेल लहान, घट्ट बंद पेटीत उपयोगी पडतं, तेही रंग बदलला की तापवून पुन्हा कोरडं करावं लागतं. डांबराच्या गोळ्यांनी ओल हटत नाही. पीव्हीसीची जाड प्लॅस्टिक कव्हरंही टाळा. ती ओल कोंडतात आणि कालांतराने विनाइलवर डाग पाडतात. पॉलिथिन किंवा पॉलिप्रॉपिलीनची चांगली.

आवाजाची दुसरी प्रत

विष्णुदास भावेंनी १८४३मध्ये ‘सीतास्वयंवर’ नाटक रंगवलं ते सांगलीत. बालगंधर्वांचं मूळ गाव जिल्ह्यातलं नागठाणे, अब्दुल करीम खाँसाहेबांची कर्मभूमी मिरज. या भागातल्या जुन्या घरांच्या माळ्यांवर नाट्यपदांच्या आणि ख्यालांच्या तबकड्या अजून निघतात, आणि एखाद्या गाण्याची उरलेली प्रत नेमकी कुणाच्या घरात आहे हे कुणालाच ठाऊक नसतं. १९७७मध्ये व्हॉयेजर यानांसोबत अवकाशात गेलेल्या तबकडीवर केसरबाई केरकरांची भैरवी आहे. निवड झाली तेव्हा ती रेकॉर्ड बाजारात मिळत नव्हती. न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात, एका खोक्यात तिच्या न उघडलेल्या प्रती सापडल्या. ते खोकं कोरडं राहिलं होतं म्हणून ती भैरवी पुढे गेली.

म्हणून दुर्मीळ वाटणाऱ्या रेकॉर्डी आधी डिजिटल करून घ्या. ७८साठी वेगळी, जाड सुई लागते; एलपीची सुई ७८च्या रुंद खाचेत तळाला घासते. खरखर काढून टाकलेली प्रत हवी तर वेगळी करा, पण मूळ ध्वनिमुद्रण जसंच्या तसं जपा. लेबलाचा फोटो आणि तबकडीवरचा क्रमांक सोबत नोंदवा. एक प्रत घराबाहेर, शक्य तर दुसऱ्या गावात असू द्या.

हे सगळं पाऊस सुरू झाल्यावर जमत नाही. रोहिणी लागल्या की कपाट रिकामं करा, भिंतीला हात लावून ओल पाहा, प्रत्येक तबकडी पाकिटातून काढून उजेडात बघा आणि मृगाच्या आधी सगळं जागेवर लावा. वर्षातून एकदा हातात आलेली तबकडी ऐकूनही होते, आणि बुरशीचा पहिला ठिपका मोठा व्हायच्या आत सापडतो.