तंबोऱ्याची दांडी कशी सोडवावी

वडिलोपार्जित तंबोऱ्याची दांडी गळ्यापाशीं हलूं लागली, कीं स्वर ठरेनासा होतो. म्हणून तंबोरा मोडींत काढण्याचें कारण नाहीं. दांडी सोडवून ती पुन्हां बसवितां येते.

सांगली जिल्ह्यांतील मिरजेस एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून हीं वाद्यें घडत आलीं आहेत. शिकलगार घराण्यांतील फरीदसाहेबांनीं तेथें आरंभ केला, आणि २०२४ सालीं मिरजेच्या तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळालें. जुन्या वाद्यांत दांडी गळ्यास सरसानें जोडीत. सरस हाडें व कातडीं उकळून होतो. ऊब आणि ओल मिळतांच तो पुन्हां मऊ पडतो. आपल्या कामाची किल्ली तीच.

वडीलधाऱ्यांच्या देखत प्रथम सर्व तारा उतराव्या. सांध्याच्या रेषेवर रोगण हलकेच कापावें, म्हणजे त्याचे पापुद्रे निघत नाहींत. मग पातळ, बोथट सुरी गरम पाण्यांत तापवून, पुसून फटींत सरकवावी व गरम पाण्याचा एखादा थेंब सोडावा. थांबावें, पुन्हां तेंच करावें. भोपळ्यास वाफ लागूं देऊं नये. जोरानें ओढल्यास सरस सुटत नाहीं, लाकूड फाटतें. दांडी सुटल्यावर जुना सरस पुसून नवा लावावा आणि सांधा दोरीनें आवळून दिवसभर ठेवावा.

ऊब देऊनहि सांधा ढिला न झाल्यास आंत खिळा किंवा नवा रासायनिक गोंद असावा. तेथेंच हात आवरावा. साताऱ्याहून मिरजेस आगगाडी जाते. तंबोरा तेथील कारागिराकडे न्यावा.

विद्यार्थिमित्रहो, जुन्या कारागिरांनीं जोडतांनाच पुढील दुरुस्तीची वाट मोकळी ठेविली. आम्हांस ती धीरानेंच सांपडेल.