मधुमेहातील थकवा आणि चेन्नईतील उद्यान

मधुमेही व्यक्तीला जाणवणारा थकवा म्हणजे आळस नव्हे. इन्सुलिन अपुरे पडल्यास अथवा त्याला पेशींचा प्रतिसाद मंदावल्यास रक्तात साखर मुबलक असूनही पेशींना ऊर्जा मिळत नाही. थकव्यामुळे हालचाल घटते व साखर आणखी वाढते. नियमित चालण्याने हे दुष्टचक्र भेदता येते. कारण काम करणारे स्नायू इन्सुलिनच्या मदतीविनाही साखर शोषून घेतात.

मात्र चालण्यासाठी जागा हवी. १९९६ मध्ये सुरू झालेल्या ‘चेन्नई नागरी लोकसंख्या अभ्यासा’त मध्यम उत्पन्न गटाच्या एका वसाहतीतील केवळ १४.२ टक्के रहिवासी आठवड्यातून तीनपेक्षा अधिक वेळा व्यायाम करीत. जनजागृतीनंतर रहिवाशांनी स्वखर्चाने उद्यान उभारले आणि हे प्रमाण ५८.७ टक्क्यांवर पोहोचले.

थकवा कायम राहिल्यास रक्तक्षय, थायरॉइड व मूत्रपिंडाचे विकार यांची तपासणी आवश्यक ठरते. सोबत घाम व थरथर असल्यास साखर घसरल्याची शक्यता असते.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात सुमारे १०.१ कोटी मधुमेही आहेत. त्यामुळे औषधांप्रमाणेच चालण्याजोगी मोकळी जागा हाही सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न ठरतो.