ओढवाट : कालव्याकाठच्या सायकलीने दिलेला धडा

या सत्रात मंडळाच्या अभ्यासवर्तुळात प्रत्येकाने आपल्या नेहमीच्या विषयाबाहेरचं काही मांडायचं, असं ठरलं होतं. मी मराठी शिकवते. पण माझ्या वाट्याच्या तासाला मी कालव्याकाठच्या वाटा आणि सायकली हा विषय घेतला. मागच्या बाकावर थोडी खसखस पिकली. तास संपल्यावर मात्र तिघंचौघं थांबून म्हणाली, "मॅडम, हे अंकासाठी लिहून द्या ना." म्हणून हा लेख.

विषय उगाच निवडला नव्हता. आमच्या गावाजवळून तिळारीचा कालवा जातो. त्याच्या काठाने एक कच्चा रस्ता आहे. सकाळी मुलं त्यावरून सायकलने शाळेत जातात, संध्याकाळी म्हातारी माणसं फेरफटका मारतात. गेल्या वर्षी मी एक अर्ज लिहिला : या रस्त्याचं सुशोभीकरण करा. पेव्हर बसवा, रंगीत दिवे लावा, बाकडी ठेवा, टोकाला गाड्या लावायला जागा करा. वीसबावीस सह्याही मिळवल्या. तो अर्ज अजून माझ्या टेबलाच्या खणात पडून आहे. का पडून राहिला, ते कळायला आधी एका दूरच्या कालव्याची गोष्ट ऐकावी लागेल.

टोपाथ म्हणजे काय?

इंजिनाच्या आधीच्या काळात कालव्यातली माल भरलेली नाव पुढे कशी जायची? काठावरून घोडा किंवा खेचर चालायचं, त्याच्या पट्ट्याला लांब दोर बांधलेला असायचा आणि दोराच्या दुसऱ्या टोकाला नाव. जनावर चाललं की नाव सरकायची. रस्त्यावर गाडी ओढताना जेवढं वजन जनावराला झेपतं, त्याच्या कितीतरी पट वजन ते स्थिर पाण्यावरून ओढू शकतं. युरोप-अमेरिकेत कालव्यांसाठी एवढा पैसा ओतला गेला, तो याच कारणाने. जनावराच्या चालण्यासाठी पाण्याला लागून जी वाट बांधली, ती टोपाथ.

तासाला मी विचारलं, "याला मराठीत काय म्हणाल?" एकाने 'कालवाकाठ' सुचवलं, पण काठ तर प्रत्येक कालव्याला असतो. मग एक मुलगी म्हणाली, "ओढवाट." जिच्यावरून ओढायचं ती वाट. शब्द सगळ्यांनाच आवडला, म्हणून पुढे तोच वापरते.

ओढवाटेचे दोन गुण सायकलवाल्याच्या फायद्याचे आहेत. पहिला, ती जवळजवळ सपाट असते. नावा चालायच्या तर पाणी स्थिर हवं, म्हणून कालवा पायऱ्यापायऱ्यांनी बांधतात. एक लांब सपाट टप्पा, मग लॉक, मग पुढचा सपाट टप्पा. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दारं असलेला दगडी हौद. नाव आत घ्यायची, मागचं दार लावायचं, वरचं पाणी आत सोडायचं. पाणी चढतं तशी नावही चढते. मग पुढचं दार उघडायचं. उतरताना हेच उलट. वाटही कालव्याबरोबर चढते, म्हणजे चढ असला तरी फक्त लॉकपाशी आणि तोही चारदोन पावलांचा. दुसरा गुण म्हणजे तिची रुंदी. ती जनावराच्या आणि माणसाच्या मापाची असते, मोटारीच्या नाही.

एकाच दिवशी दोन मुहूर्त

मध्यंतरी मी मेरीलँडला ताईकडे गेले होते. तिथे पोटोमॅक नदीच्या काठाने चेसापीक-ओहायो कालवा जातो. वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन भागापासून डोंगरातल्या कंबरलँड गावापर्यंत त्याची लांबी १८४.५ मैल, म्हणजे सुमारे २९७ किलोमीटर. एवढ्या अंतरात ७४ लॉक आहेत आणि ते मिळून नावेला ६०५ फूट वर चढवत. म्हणजे एका लॉकला सरासरी आठ फूट.

या कालव्याचा मुहूर्त झाला ४ जुलै १८२८ रोजी, राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स यांच्या हस्ते. योगायोग असा, की त्याच दिवशी बाल्टिमोरला बाल्टिमोर-ओहायो रेल्वेच्या कामालाही सुरुवात झाली. दोघांनाही डोंगर ओलांडून ओहायो नदी गाठायची होती. रेल्वे १८४२ मध्ये कंबरलँडला पोचली. कालवा तिथे पोचला १८५० मध्ये, आणि तिथेच थांबला. डोंगरापलीकडे तो कधी गेलाच नाही.

कष्ट मात्र कमी झाले नव्हते. खोदकामावर बरेचसे मजूर आयर्लंडहून आलेले होते. १८३२ मध्ये त्यांच्यात पटकीची साथ पसरली आणि अनेक जण दगावले. नदीची वळणं टाळण्यासाठी पॉपॉ इथे ३,११८ फूट लांबीचा बोगदा खोदला. तो १८३६ ते १८५० असा तब्बल चौदा वर्षं चालला होता. पुढे नावांवर घरंच्या घरं राहायची. खेचरांमागून चालायचं काम पुष्कळदा मुलांकडे असे. खेचरांच्या दोन जोड्या पाळीपाळीने काम करायच्या. एक जोडी वाटेवर असली की दुसरी नावेतल्याच तबेल्यात विसावा घ्यायची. खाली यायचा तो मुख्यतः कोळसा. १९२४ च्या पुरानंतर वाहतूक कायमची बंद पडली. १९३८ मध्ये सरकारने तो कालवा २० लाख डॉलरना विकत घेतला.

एक पत्र आणि आठ दिवसांची चाल

आता आपल्या मंडळाच्या कामाची गोष्ट येते, कारण ती एका पत्राची आहे.

पडीक कालव्याचं करायचं काय? एक योजना अशी पुढे आली, की त्यावरून निसर्गरम्य मोटाररस्ता काढावा, म्हणजे लोकांना गाडीत बसून नदी पाहता येईल. जानेवारी १९५४ मध्ये 'वॉशिंग्टन पोस्ट'ने अग्रलेखातून या योजनेला पाठिंबा दिला. त्यावर सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी संपादकांना पत्र लिहिलं. रस्ता नको, हे त्यांनी मांडलंच. पण तेवढ्यावर न थांबता अग्रलेख लिहिणाऱ्याला आमंत्रण दिलं : माझ्याबरोबर ही सगळी वाट चालून पाहा.

मला यातली दुसरी बाजूही तितकीच मोठी वाटते. संपादकांनी आमंत्रण स्वीकारलं. मार्चमध्ये कंबरलँडहून मंडळी निघाली. निघताना पन्नासहून अधिक माणसं होती. आठ दिवसांनी वॉशिंग्टनला संपूर्ण वाट चालून पोचली ती फक्त नऊ, त्यात डग्लस एक. 'पोस्ट'च्या दोन लेखकांना पूर्ण अंतर झेपलं नाही. पण परतल्यावर त्यांच्या वर्तमानपत्राने आपलं आधीचं मत जाहीरपणे बदललं. काही तुकड्यांपुरता रस्ता असावा हे म्हणणं त्यांनी पूर्ण सोडलं नाही; मात्र कालव्याचा बराचसा भाग आहे तसा राखावा, असं त्यांनी लिहिलं. १९६१ मध्ये कालव्याच्या मोठ्या भागाला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला आणि १९७१ मध्ये तो राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान झाला. मोटाररस्ता झाला नाही.

पत्रलेखन आपण दहावीला मार्कांसाठी शिकतो आणि विसरून जातो. चांगल्या पत्राची खूण या पत्रात दिसते. त्याने समोरच्याला हरवलं नाही, सोबत बोलावलं.

सायकलवरून काय दिसतं

ताई म्हणाली, "अगं, एवढं वाचतेयस तर जाऊनच ये की." भावोजींची सायकल घेऊन मी जॉर्जटाउनहून ग्रेट फॉल्सपर्यंत गेले. सुमारे चौदा मैल, वाटेत वीस लॉक. मी काही सराईत सायकलस्वार नाही, पण चढ असा लागलाच नाही. लॉक आलं की थोडं उठून पायडल मारायचं, की पुन्हा सपाट.

वाटेचं रूप पाहून मी आधी जरा निराशच झाले, हे कबूल करते. मनात गुळगुळीत 'ट्रॅक' होता. पायाखाली मात्र माती आणि बारीक खडी. मध्येच झाडाची मुळं, खड्ड्यात साठलेलं पाणी. दिवे नाहीत. पण दर मैलाला मैलाचा खुंट आहे, लॉकवाल्यांची जुनी दगडी घरं आहेत, कालव्याच्या पाण्यात बगळे ध्यान लावून उभे आहेत, ओंडक्यांवर कासवं ऊन खात पडली आहेत. पुढे वरच्या भागात तर कालवा बहुतेक कोरडाच आहे, त्यात झाडं वाढली आहेत. वाट मात्र चालू आहे. लांबचे प्रवासी ठरावीक अंतरावरच्या मुक्कामाच्या जागी तंबू टाकतात. पॉपॉच्या बोगद्यात सायकलवरून उतरून, बॅटरीच्या उजेडात चालावं लागतं.

नियम थोडे, पण नेमके : सायकलला घंटी हवी, पुढे चालणारा असला तर ती आधी वाजवायची आणि त्याला वाट द्यायची. म्हणजे अरुंद वाटेवर जो हळू, त्याचा मान पहिला. मला वाटतं, ग्रीनवेचं सगळं शास्त्र या एका वाक्यात आहे. झाडं लावली, हिरवा रंग दिला म्हणून ग्रीनवे होत नाही. जिथे हळू चालणाऱ्याला भीती वाटत नाही, आणि पाणी, झाड, पक्षी यांना आपल्यामुळे हलावं लागत नाही, असा लांबलचक सलग पट्टा म्हणजे ग्रीनवे.

सलगपणाचं महत्त्व पुढच्या एका गोष्टीवरून पटतं. कंबरलँडहून पिट्सबर्गपर्यंत जुन्या, बंद पडलेल्या रेल्वेमार्गांवरून सायकलवाट तयार केली गेली. ती सुमारे २४१ किलोमीटरची वाट २०१३ मध्ये पूर्ण झाली. आता वॉशिंग्टनहून निघालेला सायकलस्वार मोटाररस्ता टाळून थेट पिट्सबर्गला, म्हणजे ओहायो नदीच्या उगमापाशी जातो. कालव्याला जिथे पोचायचं होतं तिथे तो अखेर असा पोचला, आणि तोही रेल्वेच्या पाठीवरून! एकेकाळी चुरस करणाऱ्या कालवा आणि रेल्वे या दोन धंद्यांच्या निवृत्त वाटा आज एकमेकींना जोडल्या गेल्या आहेत.

मग आपला कालवा?

आता खणातल्या अर्जाकडे येते. परत आल्यावर मी तो काढून वाचला आणि माझ्या लक्षात आलं, की त्यात सगळं मागितलंय, फक्त त्या वाटेवरून जाणाऱ्यांना काय हवंय ते नाही. मीही 'पोस्ट'च्या पहिल्या अग्रलेखासारखंच, बसल्या जागेवरून लिहिलं होतं.

दुसरी चूक त्याहून मोठी होती. आपला कालवा ओढवाटेचा नाही. तो शेतीला आणि पिण्याला पाणी नेण्यासाठी आहे, नावांसाठी नाही. त्याच्यातलं पाणी स्थिर नसतं, ते सतत वाहतं. काठचा रस्ता देखभालीच्या जीपसाठी केलेला आहे. आतल्या बाजूला काँक्रीटचा गुळगुळीत उतार आहे. त्यावर शेवाळ धरलं की माणसाचा पाय ठरत नाही, गुरंसुद्धा पडली तर वर येत नाहीत. अशा काठावर रंगीत दिवे आणि बाकडी मांडून संध्याकाळची गर्दी जमवायची, आणि पडलेल्याला वर यायला एक पायरी नाही, असा माझा अर्ज होता. सही करताना त्या वीसबावीस जणांपैकी एका आजींनी विचारलंही होतं, "बाई, पोर पडलं तर?" मी म्हटलं होतं, "ते बघतील हो सरकारवाले." त्या उत्तराची आज लाज वाटते.

म्हणून गेल्या दोन रविवारी मी तो रस्ता सायकलने नव्हे, पायी चालले. वहीत लिहीत गेले. कुठे मुलं पाण्याच्या फार जवळून जातात. कुठे काजूची सावली आहे आणि पेव्हरसाठी खोदलं तर मुळं तुटतील. कुठे पावसात माती खचते. कुठे बायका कपडे धुवायला उतरतात आणि धरायला काही नसतं. त्यातून नवा अर्ज आपोआपच लहान झाला. शाळेच्या वाटेवर पाण्याच्या बाजूला कठडा. थोड्या थोड्या अंतरावर आत उतरती पायरी आणि धरायला साखळी. खचलेल्या जागी खडी आणि माती, पेव्हर नको. मोटारसायकली अडवायला तोंडाशी खांब, पण देखभालीची जीप जाईल असा काढता-घालता येणारा. आणि झाडं आहेत ती राहू द्या. इतकंच.

हा मजकूर मी अजून दिलेला नाही, कारण एका माणसाचे दोन रविवार म्हणजे काही अभ्यास नव्हे. मी चालले ती उन्हाळ्यात; पावसाळ्यातली वाट मला ठाऊक नाही. शिवाय वाटेवरची मुलं मला 'मॅडम' म्हणून खरं सांगत नाहीत, तुम्हाला सांगतील.

तेव्हा पुढच्या रविवारी सकाळी सात वाजता, कॉलेजच्या फाटकापाशी. सायकल असेल तर आणा, पण चालवायची नाही, हातात धरून चालायचं. वही-पेन आणा, पाण्याची बाटली आणा. ज्यांना 'पेव्हरच हवेत' असं वाटतं त्यांनी तर नक्की या. परतल्यावर सगळे मिळून अर्ज पुन्हा लिहू. त्या आजींनाही मी सांगून ठेवलंय. त्या म्हणाल्या, "चालायला येईन, पण सही वाचून करीन."