‘न्हवं’ : होकार की नकार? मॅच फ्रेमचा एक पाठ

लोंढा हे खानापूर तालुक्यातले रेल्वे जंक्शन. मिरज, हुबळी आणि गोवा अशा तिन्ही बाजूंच्या गाड्या इथे येतात आणि इथली माणसे बोलता बोलता तीन भाषांत ये-जा करतात. इथल्या बोलीची चित्रफीत करताना रेल्वेतून निवृत्त झालेले एक आजोबा आम्हांला भेटले. संकलित फितीत ते म्हणतात, “घरात कोकणी न्हवं. मराटी.” खाली प्रमाण मराठीतली ओळ होती, ‘घरी कोकणी नाही, मराठी.’ ती मीच तपासून मंजूर केली होती. शब्दांकन करणाऱ्या विद्यार्थिनीला मात्र ‘न्हवं’चा सूर वर चढलेला वाटला.

‘न्हवं’ दोन कामे करते हे सीमाभागातल्या वाचकाला सांगायला नको. एक नकाराचे, दुसरे समोरच्याकडून होकार मागण्याचे. त्यातले कोणते, हे सूर आणि पुढचे शब्द ठरवतात. सूर होता, पुढच्या शब्दांची खात्री नव्हती. मूळ चित्रण तासाभराचे होते.

अशा वेळी मॅच फ्रेम उपयोगी पडते. संकलनाच्या सिक्वेन्समध्ये प्रत्यक्ष चित्र नसते. प्रत्येक तुकड्यामागे नोंद असते : कोणती फाइल, कोणत्या फ्रेमपासून कोणत्या फ्रेमपर्यंत. टाइमलाइनवर हव्या त्या फ्रेमवर थांबून (प्रीमियर आणि रिझॉल्व्ह या दोन्हींत) ‘एफ’ कळ दाबली की मूळ क्लिप नेमक्या त्याच फ्रेमवर उघडते. हिशेब शाळेतल्या बेरजेचा आहे. आमचा तुकडा सिक्वेन्समध्ये 00:04:10:00 ला सुरू होत होता आणि मूळ क्लिपमध्ये 00:31:22:05 ला. ‘न्हवं’ संपते ती फ्रेम 00:04:16:12, म्हणजे सुरुवातीपासून 6 सेकंद 12 फ्रेम पुढे. म्हणून मुळात ती 00:31:28:17. पुढचा तुकडा, ‘मराटी’, मुळात 00:31:31:02 ला सुरू होत होता. सेकंदाला 25 फ्रेम धरल्या तर मधल्या 59 फ्रेम गायब.

त्या 59 फ्रेममध्ये एक खोकला होता आणि ‘भाइर’ हा शब्द होता. पूर्ण वाक्य असे : “घरात कोकणी न्हवं? भाइर मराटी, स्टेशनात कन्नड.” खोकला काढताना ‘भाइर’ही गेला आणि लांबी कमी करताना ‘स्टेशनात कन्नड’. सीमाभागात घरची भाषा कोणती हा साधा प्रश्न नाही. आजोबांनी न दिलेला नकार आम्ही त्यांच्या तोंडी घातला होता.

ही सोय नवी असली तरी गरज जुनी आहे. 35 मि.मी. फिल्मच्या कडेला दर फुटाला, म्हणजे 16 फ्रेममागे, एक क्रमांक छापलेला असे. कापलेल्या कामचलाऊ प्रतीवरचे क्रमांक पाहून मूळ निगेटिव्ह कापली जाई. ताडायला मूळच नसेल तर इलाज नाही. ‘राजा हरिश्चंद्र’ची उरलेली रिळे 1913 च्या चित्रपटाची की 1917 च्या नव्या आवृत्तीची, याविषयी अभ्यासकांत दुमत आहे.

आम्हीही असे मूळ जवळजवळ गमावले होते. एक छोटी आवृत्ती आम्ही तयार झालेल्या फितीवरूनच कापली होती. तिच्यावर मॅच फ्रेम केले की ती तयार फीतच उघडते, लोंढ्यातले चित्रण नाही. अवतरणाचे अवतरण घेतल्यासारखेच हे, आणि प्रबंधात आपण ते विद्यार्थ्याला करू देत नाही. मोबाइलवरच्या चित्रणात फ्रेमचा वेग कमी-जास्त होतो, तेव्हा ते संकलनाआधी स्थिर वेगात बदलून घ्यावे. कॅमेऱ्याचे कार्ड पुसल्यावर फाइलींची नावे पुन्हा पहिल्यापासून सुरू होऊ शकतात, म्हणून नावापुढे गाव आणि तारीख घालावी.

आता आमच्या शब्दांकनाच्या वहीत प्रत्येक वाक्यासमोर फाइलचे नाव आणि मूळ क्लिपचा टाइमकोड असतो. सिक्वेन्सचा लिहीत नाही, कारण आरंभीची श्रेयनामावली दोन सेकंदांनी वाढवली तरी तो सरकतो. आजोबांच्या वाक्याखाली आता ‘घरी कोकणी ना? बाहेर मराठी, स्टेशनात कन्नड’ असे आहे. छोट्या आवृत्तीतला ‘नाही’ मात्र काही फोनांवर अजून फिरतो आहे.